साडूंची दुसरी गिरणी

माझ्या थोरल्या साडूंइतक्या ईर्षेनं पीठ दळणारा माणूस अख्ख्या बोरीवलीत झाला नाही, आणि होऊही नये. मूळचे ते कबड्डीपटू. परळच्या एका कापड गिरणीच्या संघातून खेळायचे, नोकरीही तिथलीच. आधी त्यांचा गुडघा बसला, मग संपात गिरणी बसली. तेव्हा त्यांनी सोसायटीच्या नाक्यावर गाळा घेऊन पिठाची गिरणी टाकली. "एका गिरणीनं बाद केलं, दुसरीत शिरलो," असं ते आल्यागेल्याला सांगत.

मैदान मात्र सुटलं नव्हतं. गव्हाचा डबा वर ओतायचा तो एका दमात, ओठांतल्या ओठांत 'कबड्डी कबड्डी' करत. मध्येच कुणी "काका, बारीक दळा हं," म्हणालं की दम तुटायचा. मग डबा खाली ठेवून पुन्हा पहिल्यापासून. एका बाईंनी घरी जाऊन सांगितलं, गिरणीवाले दळताना मंत्र म्हणतात. त्या वर्षी चतुर्थीच्या आदल्या दिवशी मोदकांच्या पिठीसाठी त्यांच्याकडे ही रांग लागली.

समोरच्या फुटपाथला एका गुजराती काकांची जुनी गिरणी होती. साडूंच्या लेखी तो प्रतिस्पर्धी संघ. तिथे सात डबे आणि इथे नऊ असले, की जेवताना दोन घास जास्त जायचे. उलटं झालं की त्यांची बायको, म्हणजे माझी मेव्हणी, आधीच बजावायची, "आज ह्यांना भाजी अळणी लागणार."

मग एकदा काका ओट्यावरून घसरले आणि त्यांचा उजवा हात मोडला. शटर खाली आलं. दुसऱ्या सकाळी सगळे डबे इकडे, रांग पार पानवाल्यापर्यंत. मी मुद्दाम अभिनंदन करायला गेलो. "अख्खा संघ बाद! लोण चढवलात की!"

साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काकांना ढकललं होतं. चिडले की ते थेट गावाकडच्या मालवणीत शिरत. "माका सांग, रिकाम्या मैदानात कोणी चढाई करता काय रे?"

चार दिवस त्यांनी कसेबसे काढले. पाचव्या दिवसापासून दुपारी स्वतःची गिरणी बंद ठेवून ते समोर जायला लागले, काकांच्या गिऱ्हाइकांचं दळण दळायला. काका हात गळ्यात अडकवून खुर्चीतून ओरडायचे, "अरे, पट्टा ढीला छे, हळू!" मेव्हणीनं कपाळाला हात लावला. "अहो, लोक आपला धंदा वाढवतात. तुम्ही दुसऱ्याचा?"

"अगो, बारा वर्षां ढाली जिंकलंय, त्यो माळ्यार पडल्यो. ह्यो म्हातारो निदान समोर तरी आसा!"

दीड महिन्यानं प्लास्टर निघालं. काकांची गिऱ्हाइकं मुकाट परत गेली. वर साडूंची दोन-चार घरंही तिकडेच राहिली. त्यांचं म्हणणं, समोर दुपारी फार छान दळून मिळायचं.

दुसऱ्या दिवशी काका स्वतः रस्ता ओलांडून आले. "जुओ, बघा, हात एकदम चालते," म्हणत त्यांनी हात पुढे केला. वाळून काटकी झाला होता. साडूंनी तो पिठानं माखलेल्या दोन्ही हातांत धरला. आता काहीतरी फर्मास ऐकायला मिळणार म्हणून मी कान टवकारले.  पण ते नुसते हात धरून उभे राहिले. मागे गिरणीचे दगड रिकामेच फिरत होते, आणि रांगेतल्या कुणीही त्यांना घाई केली नाही.