सविताताईंचा चालण्याचा तक्ता

ऑफिसातले किस्से कुणी जमवत नाही, डब्याच्या टेबलावर ते आपोआप साठतात. आमच्या टेबलावर चौघं: मूळच्या नांदेडच्या सविताताई, पुण्याहून आलेला कुलकर्णी, इथलाच इम्रान आणि मी. गेल्या तीन महिन्यांतले आमचे सगळे किस्से चालण्याचे आहेत. खरं म्हणजे न चालण्याचे.

सविताताईंना एकदा ऑफिसच्या जिन्यातच चक्कर आली. बीपी बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, तीन महिने रोज चाळीस मिनिटं चाला, नाहीतर कायमची गोळी सुरू करू. ताईंच्या आईला बीपीपायीच अर्धांगवायू झाला होता, त्यामुळे त्या मनातून घाबरल्या होत्या. एकट्यानं नेम टिकत नाही म्हणून आम्ही चौघांनी ग्रुप काढला. रोज सकाळी चालतानाचा फोटो टाकायचा, असा नियम ठरला. रोज कोण चाललं, कोण नाही, याचा तक्ता ताईंनी त्याच संध्याकाळी फोनवर बनवला.

* * *

बरकतपुऱ्याच्या कुलकर्णीचा फोटो रोज सगळ्यांच्या आधी यायचा. पार्क तेच, शर्ट मात्र नवा. ताईंनी कौतुकानं त्याचे दहा फोटो एकत्र लावले, तर प्रत्येकात मागच्या बाकावर तेच आजोबा पेपरचं तेच पान वाचत बसलेले!

कुलकर्णीनं लगेच कबूल केलं. एका रविवारी दहा शर्ट पिशवीत घालून नेले होते म्हणे. "पण त्या दिवशी दमलो मात्र खरा," तो म्हणाला.

* * *

माझं निराळंच. सकाळी सातला माझा कॉल असतो, म्हणून मी फोन कानाला लावून हिमायतनगरच्या घरातच, हॉलमध्ये फेऱ्या मारायचो. महिन्याभरानं खालच्या मजल्यावरच्या आंटी वर आल्या. चेहऱ्यावर खरी काळजी होती.

"क्या गुम गया जी आपका? महिनाभर से रोज सुबे ढूँढ रे!"

* * *

इम्रानच्या सांगण्यावरून शनिवारी सगळ्यांनी इराणी हॉटेलापर्यंत चालायचं ठरलं. पहिल्या शनिवारी दोन किलोमीटर चाललो. पुढच्या खेपेला एक. तिसऱ्या शनिवारी सगळे आपापल्या गाडीवरून थेट हॉटेलात. चहा-बिस्किटं झाल्यावर मी म्हटलं, आता तरी चालू या. इम्राननं दुसरा चहा मागवला.

"खाके तुरंत चलना नक्को, डॉक्टर लोगां बोलते."

ताईंनी सोमवारी आमच्या तिघांच्या नावापुढे फुली मारली.

* * *

ताईंचा धाक मात्र खरा होता. पहाटे साडेपाचला तारनाक्याच्या घरून त्यांचा फोन यायचाच. मागे कुकरची शिट्टी, मुलांना हाका, सातच्या कॅबची घाई, आणि आम्हाला दटावणं, "उठलात का? बूट घाला." त्या आवाजाला भिऊन दुसऱ्या महिन्यापासून आम्ही खरंच चालायला लागलो. कुलकर्णीचं पोट उतरलं, माझी झोप सुधारली.

* * *

तीन महिने संपले. दवाखाना ऑफिसजवळच, म्हणून ताईंबरोबर मी गेलो. बीपी होतं तिथंच होतं. मला फार वाईट वाटलं. डॉक्टरांनी विचारलं, रोज चालणं झालं का? ताईंनी अभिमानानं तक्ता उघडून फोन पुढे केला. डॉक्टरांनी तो वरपासून खालपर्यंत नीट पाहिला.

"बहुत अच्छा है. इसमें आपका नाम किधर है?"

ताईंनी फोन परत घेतला. तक्ता वर सरकवला, खाली सरकवला.

"मैं तो ॲडमिन हूँ ना, सर."