पोचा भिंतीकडे

“पोचा पत्र्याला पडतो, पाणी गारच होतं,” असं मंगलाबाई पगारे एकदा मला म्हणाल्या. नाशिकच्या सिडकोत आमची घरं भिंतीला भिंत लागून आहेत. त्यांच्याकडे नवा फ्रिज आला तो दिवस. त्याची उजवी कूस तळहाताएवढी आत गेली होती आणि मंगलाबाई त्या खळग्यावरून हात फिरवत होत्या. मग त्यांनी फ्रिज उजवीकडे सरकवला, भिंतीला टेकवला. खळगा दिसेनासा झाला.

त्यांच्या घरातली प्रत्येक मोठी वस्तू अशीच भिंतीला बिलगून उभी. कपड्यांच्या मशीनची डावी बाजू ओरखडलेली, ओव्हनचा मागचा कोपरा चेपलेला. ट्रकमधून उतरताना मार खाल्लेला नवा माल अंबडच्या एका गोदामात मिळतो. मंगलाबाईंची पद्धत अशी, की आधी घरातली भिंत ठरवायची आणि मग तिच्या मापाचा पोचा शोधायचा. माणसांप्रमाणे वस्तूंनाही एक न दाखवायची बाजू असते, हे त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही. त्यांना ते फक्त वापरता येत होतं.

गोदामात त्या फ्रिजच्या दारात दहाची नोट अडकवून ओढून बघत. नोट सहज सुटली तर रबर सैल. मागच्या जाळीला धक्का लागला असेल तर फुकटही नको. वॉरंटी पुरी हवी. मग एकच भाव सांगायचा, एकदाच. गोदामवाले नवनाथशेठ नाही म्हणाले, की पिशवी खांद्याला लावून एक शब्द न बोलता बाहेर पडायचं.

“भांडले तर त्याला बोलायला जोर येतो,” त्या म्हणत. “गप्प बाईशी काय घासाघीस करणार?”

रस्ता येण्याआधी मागून हाक यायची. वाचलेले पैसे त्या घरी आणत नसत, परस्पर बँकेत टाकत.

त्यांचे यजमान जयराम ओझरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. ते म्हणायचे, “आमच्या घरात धड वस्तू एकच, मी.”

“तुम्हाला तरी कुठं सगळ्या बाजूंनी बघून घेतलं होतं?” मंगलाबाई म्हणायच्या.

मुलगा रोहित आणि नांदगावची स्नेहल यांचं एकमेकांवर मन बसलं होतं. स्नेहलची आई लवकर गेली, तिला आत्यानं वाढवलं. वडिलांनी स्पष्ट सांगितलं होतं, “आक्का घर बघतील. त्यांचा होकार तोच आमचा.” या आक्का म्हणजेच ती आत्या, सगुणाबाई. एका रविवारी त्या भावाला घेऊन घर बघायला आल्या.

मंगलाबाई आणि रोहित त्यांना आणायला नाशिकरोड स्टेशनवर गेले. मी शेजारधर्म म्हणून चहाच्या कपबश्या घेऊन आलो होतो. मागे राहिलेल्या जयरामभाऊंना वाटलं, पाहुण्यांना बसायला जागा कमी पडेल. त्यांनी सोफा लांबवला आणि फ्रिज ढकलत दाराच्या दुसऱ्या अंगाला नेला. चांगला हवेशीर झाला, म्हणाले. मलाही तसंच वाटलं.

दार उघडलं. जय भीम झाला. बाहेरचं ऊन थेट त्या पोच्यात येऊन बसलं होतं. मंगलाबाईंनी ते पाहिलं आणि यजमानांकडे पाहिलं. पण तोवर सगुणाबाई नेमक्या समोर बसल्या होत्या.

चहा अर्धा झाल्यावर त्या उठल्या, पोच्यात तळहात ठेवला.

“हे कशानं झालं?”

“टेम्पोत जरा लागलं,” जयरामभाऊ घाईनं म्हणाले.

खोटं तिथंच मुरलं असतं. पण मंगलाबाई म्हणाल्या, “टेम्पोत नाही. असाच घेतलाय.”

“म्हंजे जुना हाय?”

“कोरा आहे. मार खाल्लेला म्हणून स्वस्त मिळाला.”

“आन् ते मशीन?”

“तेही. ओव्हनसुद्धा.”

सगुणाबाईंनी हात काढून घेतला. “लय भारी. आमची पोर नांदायला येनार, आन् तिच्या वाट्याला समदं ठेचलेलं.”

रोहित मान खाली घालून बसला. टेबलावर उपडा ठेवलेला त्याचा फोन थरथरला. नांदगावला स्नेहल वाट बघत होती.

“वर चला,” मंगलाबाई म्हणाल्या.

जिन्याच्या वर एकच खोली होती. पांढऱ्या भिंती, पश्चिमेला रुंद खिडकी, खिडकीत पांडवलेणीचा डोंगर. आत खुर्चीही नव्हती.

“फ्रिजमागं वाचलं त्याची ही खिडकी आली,” त्या म्हणाल्या. “मशीनमागं वाचलं ते या फरशीत गेलं. अशी वर्षं लागली, पण कुणाचं रुपयाचं कर्ज नाही. स्नेहल इथं राहील. मुद्दाम काही आणून ठेवलं नाही. तिला हवं तसं ती लावेल, कोरं हवं तर कोरं.”

सगुणाबाईंनी भिंतीवरून बोटं फिरवली. दारामागं डोकावल्या, कोपऱ्यात वाकल्या. पोचा शोधत होत्या. मग खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

“पोर गेली की मला हातानं धुनं व्हनार नाय,” त्या शेवटी डोंगराकडे बघतच म्हणाल्या. “मशीन घ्यायचं हाय.”

“ठेवणार कुठं?”

“मागल्या पडवीत.”

“भिंत कुठल्या हाताला येते?”

सगुणाबाईंनी डोळे मिटले. मनातल्या मनात त्या आपल्या पडवीत उभ्या राहिल्या आणि डावा हात वर केला.

“मग डावीकडून ठेचलेलं बघू,” मंगलाबाई म्हणाल्या.

खाली जयरामभाऊ फ्रिज पुन्हा जुन्या जागी ढकलत होते. “ऱ्हाऊ द्या, दादा,” सगुणाबाई म्हणाल्या. “आता कोनापासून लपवता?” तेव्हा रोहितनं फोन उचलला आणि तो अंगणात गेला.

परतीच्या गाडीला अवकाश होता. आम्ही गोदामात गेलो. डाव्या बाजूनं चेपलेलं एक मशीन मिळालं. मंगलाबाईंनी ते चालवून घेतलं, कान लावून ऐकलं आणि भाव सांगितला.

“ताई, एवढ्यात पुठ्ठ्याचा खोका येईल,” नवनाथशेठ म्हणाले. “निदान पाहुण्यांसमोर तरी असं करू नका.”

सगुणाबाई मंगलाबाईंच्या कानाशी लागल्या. “द्या थोडं वाढवून, विहीणबाई. माझी ना नाय.”

विहीणबाई हा शब्द त्या दिवशी प्रथमच आला होता. मंगलाबाईंचे ओठ हलले, हसू आलं, त्यांनी ते परतवलं. मग पिशवी खांद्याला लावली. नवनाथशेठच्या चेहऱ्यावर काळजी दिसली, त्यांना ती पिशवी ओळखीची होती. सगुणाबाई गोंधळून माझ्याकडे बघत असतानाच मंगलाबाई चेपलेल्या फ्रिजांच्या रांगेमधून ताठ मानेनं चालत, एक शब्द न बोलता, बाहेरच्या उन्हात निघून गेल्या.