अमृतरावांनी न ओळखलेलं सोंग

तामशीजवळच्या त्या गावात तोंडाला रंग फासला म्हणून कुणी सोंगाडी होत नाही, बरं का! धुळवडीच्या दुपारी सोंगं निघतात आणि मारुतीच्या पारावर येतात. तिथं अमृतराव बसलेले असतात. ज्याला ते ओळखतात, तो नुसता रंगवलेला. ज्याला ओळखत नाहीत, त्याच्या कपाळाला गुलाल लावून ओरडतात, "सोंगाडी!" मग जन्मभर गाव त्याला सोंगाडीच म्हणतं. पंधरा वर्षांत असे तिघेच झाले. म्हातारा भलता बिलंदर.

मथुराबाई त्यांची बायको. तीस वर्षं गावातल्या सोंगांचे झगे तिनं शिवले, तागाच्या मिशा चिकटवल्या, भाजीच्या वाफ्यात पाणी सोडता सोडता कुणी कसं चालावं तेही शिकवलं. पण तिला कुणी सोंगाडी म्हटलं नाही. बायांनी सोंग घ्यायचंच नाही ना! फार लागायचं तिला. एकदा बोलून दाखवलं, तर अमृतराव खो-खो हसले. "तुले तं मी नुसत्या खोकल्यावरून वळखीन वं!"

झालं, बाई इरेला पेटली. या धुळवडीला सून रंजीतानं दार लावून घेतलं आणि सासूला धोतर नेसवलं, कोट चढवला, फेटा बांधला, मिशा लावल्या.

मथुराबाई पारावर आली. डावा हात कमरेवर, दोन पावलं टाकली की थांबून आभाळाकडे बघणं, बसताना न कण्हता, न खोकता नुसतंच तोंड वाकडं करणं. लोक हसून हसून लोळायला लागले. हे कोण, ते कुणालाच कळेना. पण कुणाचं सोंग, ते सगळ्यांना कळलं. एका अमृतरावांना सोडून.

"डोमाजी हाय का हा?" त्यांनी विचारलं.

"मी तं इथं हावो ना!" मागून डोमाजी म्हणाला, त्या तिघा सोंगाड्यांतलाच एक.

"मंग हा कोन? अन् कोन्या म्हाताऱ्याचं सोंग हाय हे?"

पुन्हा हशा. अमृतरावांनी सोंगाभोवती तीन फेऱ्या मारल्या, शेवटी गुलाल लावला. "हारलो बाप्पा. सोंगाडी!"

मथुराबाईनं फेटा काढला. पांढरी वेणी खाली आली.

"बाईमानूस हाय. हे धरायचं नाई," डोमाजी पुटपुटला. मथुराबाई नवऱ्याकडे बघत राहिली.

अमृतरावांनी हळूच विचारलं, "मी असा चालतो काय वं?"

"तीस वर्सं मांगून चालून राह्यली मी तुमच्या. तुमाले कसं दिसंल?"

म्हाताऱ्यानं मूठभर गुलाल पुन्हा उचलला, तिच्या कपाळभर फासला आणि वेशीपर्यंत ऐकू जाईल असा ओरडला, "सोंगाडी!" डोमाजीकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही.

घरी निघाले तेव्हा अमृतराव वाटेत थांबले.

"तू म्होरं हो."

"काऊन?"

"मले बी पाहू दे. पुढच्या धुळवडीले तुहं सोंग घ्याचं हाय."

मथुराबाई लाजली, हसली. लग्नानंतर पहिल्यांदाच ती पुढं चालली, आणि तिला चालायचंच सुचेना.