प्रस्थानाची पिशवी
कपाट आवरताना ती पिशवी हाताला लागली की अजून सुपारीचा वास येतो. त्या उन्हाळ्यात ब्राउनश्वाइगच्या आमच्या घरात जेवणाच्या टेबलावर कॅनडाचा नकाशा पसरलेला असायचा. नवरा तळ्यांभोवती गोल काढायचा आणि पुण्याहून आलेले सासरे डोंगरातल्या रस्त्यांवरून बोट फिरवत बसायचे. सासूबाई मात्र कॅलेंडरपाशी. "अहो, निघायचं त्या दिवशी अमावास्या आहे," त्या सासऱ्यांना म्हणाल्या. तिकिटं बदलता येत नव्हती, म्हणून चांगला दिवस बघून त्यांनी आधीच प्रस्थान ठेवलं: मूठभर तांदूळ, सुपारी आणि सासऱ्यांची लोकरी टोपी पिशवीत बांधली, म्हणजे प्रवास आजच सुरू झाला, निघताना फक्त ती उचलायची. ती दुसऱ्याच्या घरी ठेवायची असते, म्हणून आम्ही दोघी पिशवी घेऊन खालच्या मजल्यावरच्या जर्मन आजींकडे गेलो. मी समजावत होते आणि त्या मान हलवत "या, या" म्हणत होत्या. जर्मनमध्ये ते नुसतं 'हो' असतं, पण सासूबाईंचा चेहरा उजळला. "बघ, या म्हणाल्या. सगळे नीट परत येणार." वर आल्यावर सासरे हसले, "टोपी निघाली, आता मला जायलाच हवं." निघायच्या आदल्या दुपारी ते त्याच टेबलाशी, खुर्चीत बसल्या बसल्या गेले. संध्याकाळी खालच्या आजी पिशवी घेऊन दारात आल्या. "खरंच गेले का ते?" त्यांनी हळूच जर्मनमध्ये विचारलं. माझ्यामागे सासूबाई उभ्या होत्या, आणि त्या भाषेत होकाराला दुसरा शब्द मला तेव्हा सुचला नाही, आजही सुचत नाही.