खाडीनं खाल्लेलं नाणं

दिघीच्या जेट्टीवर माझ्या शेजाऱ्याची पानटपरी आहे. चुन्याच्या डबीशेजारी तो भिंग ठेवतो. नारळी पौर्णिमेला खाडीला वाहिलेली नाणी ओहोटीला चिखलात सापडतात. टांकसाळीत छापताना चुकलेल्या नाण्याला लाख मिळतात, असं मोबाइलवर कळल्यापासून गाव ती उचलून त्याच्या पुढ्यात आणतो. बघायचे तो पैसे घेत नाही, लाज मात्र काढतो.

"हे चुकलेलंच ना ओ, दादा?" परवा एका मावशींनी पातळ झालेला रुपया पुढे केला.

"चुकलं न्हाय, खाऱ्या पाण्यानं खाल्लंय. टांकसाळीत खाडी हाय का, मावशी?"

मी बाजारातून हौसेनं आणलेलं अर्धं कोरं नाणं त्याने भिंगाखाली धरलं. "रेघा बघ. कुणीतरी कानशीनं घासलंय. छापायचं राहिलं असतं तर ओरखडे नसते," म्हणाला आणि पोट धरून हसला.

अस्सल चुकलेलं नाणं गावात एकच, त्याचं. छाप सरकलेला, कडेला चंद्रकोरीएवढी जागा कोरी. ते खिशात घेऊन तो मयतीलासुद्धा दाखवत फिरायचा. यंदा नारळी पौर्णिमेला त्याने डोळे मिटून खिशात हात घातला आणि नारळामागोमाग नेमकं तेच खाडीत सोडलं.

आता ओहोटी लागली की टपरी बंद करून तोही चिखलात उतरतो. काल मी काठावरून विचारलं, "सापडलं तर?"

"सापडलं तरी खाडीनं खाल्लेलंच म्हणावं लागंल मला," तो वर न बघता म्हणाला, आणि कोपरापर्यंत हात चिखलात घातला.