आप्पा आणि गच्चीवरचा ड्रम

माझी पहिली नोकरी डास वाढवायची. एम.एस्सी. झाल्यावर दक्षिणेकडच्या एका प्रयोगशाळेत लागले आणि दिवाळीला निपाणीला घरी आले. आईनं चहाबरोबरच विचारलं, "तिथं नेमकं करतीस काय गं?"

"डास पाळते."

आई तडक स्वयंपाकघरात गेली. माझे वडील, आप्पा, मात्र पेपर बाजूला ठेवून सरसावून बसले. आम्ही जैन, पण आप्पांचं सगळं जरा जास्तच. भांड्यांच्या दुकानात बसून ते डास टॉवेलानं हाकलायचे, मारायचे नाहीत. आईनं हौसेनं आणलेली डास मारायची बॅट त्यांनी माळ्यावर टाकली होती.

मी समजावून सांगितलं. एक जीवाणू असतो, फळमाशीच्या अंगात तो सुखानं नांदतो. माणसाला त्याचा त्रास नाही. बारीक सुईनं तो डासाच्या अंड्यात घालायचा. मग त्या डासाच्या अंगात डेंग्यूचा विषाणू नीट वाढत नाही. डास चावतो, पण बहुतेक वेळा डेंग्यू देत नाही.

"म्हणजे डास मरत न्हाय?"

"न्हाय."

"माणूस बी मरत न्हाय?" आप्पा आणखी पुढं सरकले. "पर एवढ्या अंड्यांना सुई टोचायची कुणी?"

"सुरुवातीलाच टोचायची. पुढं तो आईकडनं पिल्लांना मिळतो. बापाकडनं मिळत न्हाय."

"चांगलं ते सगळं आईकडनंच यायचं," स्वयंपाकघरातून आवाज आला.

"आणि त्यांना खायला काय घालता?" आप्पांनी विचारलं.

"साखरपाणी. माद्यांना अंडी घालायला रक्त लागतं. कधीकधी आम्हीच हात देतो."

आई तरातरा बाहेर आली आणि माझ्या बाह्या वर करून दोन्ही हात तपासू लागली. आप्पा म्हणाले, "दानच की गं ते!"

दुसऱ्या दिवसापासून कुकरची शिट्टी घ्यायला आलेल्या गिऱ्हाइकालाही आप्पा डासांची हकिकत सांगू लागले. गोष्ट गल्लीभर फिरली आणि फिरता फिरता बदलली. चौथ्या दिवशी शेजारच्या काकू आणखी दोघींना घेऊन दारात उभ्या.

"डबा भरून डास आणलीस म्हणं? आमच्या नातवाला चावून चावून लाल केलंय बघ."

मी बॅग उघडून दाखवली. दोन ड्रेस, टॉवेल, एक डबा. काकूंनी डबा लांबूनच उघडायला लावला. आत म्हैसूरपाक निघाला. त्यांनी एक वडी खाऊन खात्री करून घेतली.

"काकू, परवानगीशिवाय एक डास बी बाहेर सोडता येत न्हाय."

"मग हे चावणारं डास कुणाचं म्हणायचं?"

प्रश्न बरोबर होता. मी त्यांच्या परसात गेले. कुंड्या, टायर, कूलर, सगळं कोरडं. मग आम्ही सगळ्या आमच्या गच्चीवर गेलो, तर कोपऱ्यात बिनझाकणाचा ड्रम आणि आत डासांच्या अळ्या वळवळतायत. इतक्या तर आमच्या प्रयोगशाळेच्या ट्रेमध्येही नसतील. मागोमाग आप्पा वर आले.

"मला म्हाईत हाय," ते हळूच म्हणाले. "आठ दिस झाले बघतोय. पर ओतलं तर मरतील की."

काकूंनी कपाळाला हात लावला. आप्पांनी आशेनं मला विचारलं, "तुझा त्यो जीवाणू ह्यांच्यात घालता येत न्हाय व्हय?"

"न्हाय आप्पा. हे अंड्यातनं बाहेर पडलेत."

आप्पांनी एकदा वाकून ड्रमात बघितलं. मग म्हणाले, "मी बस्तीत देवदर्शन करून येतो." जिन्यात थांबून, मागं न बघता त्यांनी पुढचं सांगितलं, "तासभर लागंल मला."

त्या तासात आम्ही ड्रम तापलेल्या गच्चीवर उपडा केला. आईनं तो इतक्या त्वेषानं घासला, की माळ्यावरच्या बॅटचा राग त्यात असावा.

आप्पा परतले, पण गच्चीवर गेले नाहीत. संध्याकाळी जेवले नाहीत. आई म्हणाली, "अळ्यांसाठी उपास करणारा ह्यो पहिलाच माणूस असंल." पण तिनंही त्या दिवशी ताट वाढून घेतलं नाही.

सकाळी आप्पा दुकानातून मोठी झाकणं घेऊन आले आणि गल्लीत घरोघरी फिरून ड्रमांवर बसवू लागले. मी झाकणं धरून मागं.

"आत जन्मलेच न्हाईत, तर मारायचा प्रश्न येतोय कुठं?" ते प्रत्येक दारात सांगत होते. माझ्या जीवाणूचं नावही त्यांनी काढलं नाही.

काकूंचं झाकण सैल बसलं. ते बदलून घ्यायला त्या तीनदा दुकानात आल्या, आणि तिन्ही वेळा आप्पांनी उठून, एक पैसाही न घेता, त्यांना दुसरं झाकण दिलं.