पोचवलेला नमस्कार

बाबांच्या घशाचं ऑपरेशन झालं. ते वाचले, पण त्यांचा आवाज गेला. तेव्हापासून देवापुढे हात जोडणं माझ्याकडून होईना. रुसवा नव्हता, काय मागायचं तेच सुचत नसे. पूर्वी कामावर बाबांची हाक मिठागराच्या या टोकापासून त्या टोकाला जायची, आता ते टाळी वाजवून बोलवत. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे मुंबईच्या कॅन्सर रुग्णालयात डॉक्टरांशी बोलणं माझ्याकडेच असे. आमच्यासारख्यांना तिथे किती सांभाळून घेतात, हे मी पाहिलं होतं. म्हणून पेणच्या आमच्या कॉलेजने त्या रुग्णालयाच्या मदतीसाठी कासू ते रोहा अर्धमॅरेथॉन ठरवली, तेव्हा घाबरत का होईना, मी नाव दिलं.

जो शेवटपर्यंत पळेल त्याच्या नावाने लोक देणगी देणार होते. मिठागरावर विचारलं तेव्हा शेजारची काकू हसली. "हितं रोजच पलतेस गो, तवा कोन पैसं देतो?" मग म्हणाली, "सगली देऊ. पन रोह्याला पोचलीस तर. टेम्पोत बसून गेलीस तर दमडी नाय!"

नागोठणं मागे पडेपर्यंत बरं चाललं होतं. खिंडीचा चढ लागला आणि नव्या कॅनव्हासच्या बुटांनी टाचा सोलल्या. बूट काढून हातात घेतले. मिठात वावरलेले पाय आहेत, निभावतील असं वाटलं. पण डांबर तापलं होतं. चढ संपला आणि एका घरासमोर मी उभीच राहिले. थकलेल्यांना घेणारा टेम्पो मागून येत होता. आता त्यात बसायचं, असं मनाशी ठरलंच होतं.

तेवढ्यात अंगणातून एक म्हातारी आजी कळशी घेऊन आली आणि काही न विचारता माझ्या पायांवर पाणी ओतू लागली. नवरात्र तोंडावर होतं. त्या दिवसांत आमच्याकडे गावोगावचे तरुण देवीच्या देवळातून पेटती ज्योत घेऊन अनवाणी पळत गावी येतात आणि वाटेवरचे लोक त्यांच्या पायांवर पाणी घालतात. माझे अनवाणी पाय बघून आजींचा तसाच समज झाला होता.

"आता पोरीपण ज्योत आणाय लागल्या व्हय? बरं झालं. कुठं हाय ज्योत?"

मी ओशाळले. "ज्योत नाय आजी. कॅन्सरच्या दवाखान्यासाठी पळतोय आम्ही. माझे बाबा तिथंच वाचले."

मला वाटलं, पाणी थांबेल. आजींनी उरलेली कळशीही पायांवर रिकामी केली, वाकून ओल्या हातांनी माझ्या पायांना नमस्कार केला आणि म्हणाल्या, "मग माझा नमस्कार तिथं पोचव. आणि उभी नको राहू गो, ज्योत थांबवायची नसते."

टेम्पो आला. आतून कुणीतरी हात पुढे केला. मी नको म्हणून मान हलवली आणि पळू लागले. पाय दुखत होतेच, पण कुणीतरी माझ्याकडे काही सोपवलं होतं, ते मध्येच खाली ठेवता येत नव्हतं. रोह्याअलीकडचं अष्टमी गाव आलं, मग कुंडलिका नदीचा पूल. पुलापलीकडे, रोह्यात, गर्दीतून एक टाळी ऐकू आली. शेकडो टाळ्यांत मी ती ओळखली. बाबा होते. मिठागराच्या त्या टोकाला जाईल इतक्या जोराने ते टाळी वाजवत होते. शेजारी काकू ओरडत होती, "आमची हाय ती, आमची!" आयुष्यात मला इतका अभिमान कधी वाटला नव्हता.

पुढच्या तपासणीला बाबांबरोबर मुंबईला गेले, तेव्हा रुग्णालयाच्या दारात थांबले आणि हात जोडले. बाबांनी भुवया उंचावून विचारलं, कुणाला?

"एका आजींचा नमस्कार आहे, पोचवतेय," मी म्हटलं.

आजींचा नमस्कार पोचला. तरी माझे हात जोडलेलेच राहिले. काही मागायचं नव्हतं. बाबाही शेजारी हात जोडून उभे होते.